पाणी किती प्यायली?

"उलट्या कधीपासून?"

"कालपासून."

"काल सकाळपासून की रात्रीपासून?"

"रात्रीपासून. म्हणजे मी रात्री पाहिलं."

"खाल्लेलं पडतंय की नुसता फेस?"

"पिवळसर काहीतरी पडतंय."

"खाल्ल्यावर किती वेळाने? शी शेवटची कधी केली? पाणी किती प्यायली?"

ठमी, माझी कुत्री, टेबलावर मान खाली घालून उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होते, जणू उत्तर तीच देणार आहे. चार वर्षं ती माझ्या पायाशी झोपत होती. जिन्यावरची माझी पावलं ती ओळखायची, माझा मूड कसा आहे ते तिला मी चपला काढायच्या आत कळायचं. आणि तिच्या भांड्यातलं पाणी दिवसाला किती कमी होतं, हे मला सांगता येत नव्हतं. भांडं रिकामं दिसलं की भरायचं, एवढंच मी करत आले होते.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. केसपेपरवर पाण्यापुढे त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि ठमीच्या पोटावरून हात फिरवत विचारलं, "घरातलं काही हरवलंय का? चेंडू, रबर, सुईदोरा, मोजा?"

मोजा म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन दिवसांपूर्वी बहीण तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली होती आणि जाताना बाळाचा एक मोजा सापडला नव्हता. आम्ही पलंगाखाली, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे शोधला होता. ठमीच्या पोटात शोधायचं कुणाला सुचलं नाही.

सोनोग्राफीत आतडं एका जागेपर्यंत फुगलेलं आणि त्याच्यापुढे रिकामं दिसत होतं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी मॅडमनी मला स्टीलच्या ट्रेमध्ये तो मोजा दाखवला. मूळचा निळा, पित्ताने हिरवट काळा झालेला, माझ्या अंगठ्याएवढा. टाचेवरचं ससुल्याचं चित्र अजून ओळखू येत होतं. तो मोजा काढला सुरीने, पण सापडला एका प्रश्नाने, असं मी आजही मानते.

टाके काढायला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एक वही करा. रोज दोन ओळी पुरे. खाणं, पाणी, शी, लघवी, काही वेगळं दिसलं तर ते. तिला सांगता येत नाही. तुम्ही जे सांगाल त्यावरच मला चालायचं असतं."

आज तेरा वर्षांनी माझ्या कपाटात अशा सात वह्या आहेत. या दवाखान्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला औषधांच्या आधी त्या वह्या आठवतात. ठमी, तिच्यानंतर आलेला मन्या बोका, दोघांवर तिथे उपचार झाले हे खरंच. पण त्या छोट्याशा जागेत मी बघायला शिकले. घरात सतत डोळ्यांसमोर असणाऱ्या जीवाकडे आपण किती कमी बघतो, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

दवाखाना म्हणजे दोन बाकं, एक तपासणीची खोली, आत ऑपरेशनची खोली आणि मागे चार पिंजरे. दारातून आत गेलं की सगळ्यात आधी जमिनीलगत बसवलेला वजनकाटा लागतो. त्यावर रबरी चटई टाकलेली असते, कारण गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरला की जनावर बिथरतं. काट्यापाशी मामा उभे असतात. मामा म्हणजे दवाखान्यातले जुने मदतनीस. डॉक्टरांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. "चल गं बाय माझी, उभी राहा बघू," असं म्हणत ते पाठीवर नुसता हात ठेवतात आणि घरी माझ्याशी झटापट करणारी ठमी काट्यावर शहाण्यासारखी उभी राहायची. वजन झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. लस असो, नखं कापायची असोत की कान साफ करायचे असोत, आधी वजन.

मला सुरुवातीला हे उगीच वाटायचं. मग एकदा मामांनीच समजावलं. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन घटलं तर आपल्याला दिसतसुद्धा नाही, केसांत लपून जातं. पण तो त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा असतो. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरले तर शेजारीपाजारी विचारायला लागतात. मांजराला कुणी विचारत नाही, म्हणून काट्याने विचारायचं.

भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक फळी आहे. ती मांजरांच्या पेट्यांसाठी. पेटी जमिनीवर ठेवली की बाकाखालून येणारं प्रत्येक कुत्रं नाक थेट जाळीला लावतं आणि तपासणीआधीच मांजराचं काळीज धडधडायला लागतं. फळीवर ठेवायची, वरून घरचा टॉवेल टाकायचा. टॉवेल धुतलेला नको, त्याच्या झोपायच्या जागेवरचा हवा, वासासाठी. पेटीसुद्धा आदल्या दिवशी माळ्यावरून काढायची नाही. ती घरात कायम उघडी पडलेली हवी, म्हणजे मांजर तिच्यात आपणहून झोपतं. नाहीतर पेटी दिसली की ते कपाटामागे. हे सगळं मी एका बाईंकडून ऐकलं. त्यांची मांजर त्या दिवशी फळीवर चक्क घोरत होती.

मॅडम तपासतात ते बघत राहावं असं असतं. जनावर दारातून चालत येतं तिथेच त्यांची तपासणी सुरू होते. कोणता पाय जरा जपून पडतो, मान कुठे झुकते, श्वासाबरोबर पोट हलतं का. मोठ्या कुत्र्याला त्या टेबलावर चढवत नाहीत, स्वतः खाली फरशीवर बसतात. बुजरं मांजर असेल तर पेटीचं वरचं झाकण काढतात आणि खालच्या अर्ध्या भागात, त्याच्या टॉवेलवरच त्याला तपासतात. दुखऱ्या जागेला हात सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं चालू असताना त्या सारखं काहीतरी बोलत असतात, "हो रे राजा, झालंच हं, शहाणं बाळ ते."

हिरड्या बघायला त्यांनीच मला शिकवलं. ठमीचा वरचा ओठ अलगद उचलायचा. दाताच्या वरची हिरडी गुलाबी, ओलसर. तिच्यावर बोटाचं टोक दाबायचं, तिथे पांढरा ठिपका उमटतो. बोट उचललं की रंग परत येतो, दोन सेकंदांच्या आत. वेळ लागला तर रक्ताभिसरणात गडबड आहे. हिरडी पांढुरकी म्हणजे रक्त कमी, निळसर म्हणजे प्राणवायू कमी, पिवळी म्हणजे कावीळ. बोटभर जागा आणि दोन सेकंद, पण त्यात किती काय दिसतं! मी ते इतक्या वेळा केलं की पुढे ठमी मला जवळ आलेलं बघून स्वतःच ओठ सैल सोडायची.

नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूतही तिथेच गळून पडली. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ज्या आकड्याला अंथरूण धरावं लागतं तो त्याचा धडधाकट दिवस. आपल्या हाताला ते नेहमी गरमच लागणार. ताप कळायचा तर थर्मामीटरनेच.

आणि दुखणं तर ते सांगतच नाहीत. मांजर तर नाहीच नाही. जंगलात ज्याने लंगडून दाखवलं तो कुणाच्या तरी तोंडी गेला, म्हणून लपवायची सवय त्यांच्या रक्तात उतरली आहे. घरात उबदार दुलईवर झोपणाऱ्या मन्यालाही ती सुटलेली नाही. विव्हळणं, रडणं याची वाट बघत बसणाऱ्या माणसाला फार उशिरा कळतं. उडी मारायची ती खिडकी त्याने सोडली, अंग चाटणं कमी केलं, नेहमीची जागा बदलली, इतक्या बारीक गोष्टींतून ते बाहेर पडतं.

एकदा लाइट गेले होते आणि गर्दी नव्हती, तेव्हा मॅडम गप्पांत म्हणाल्या की जनावरांच्या डॉक्टरकीची पहिली शाळा निघाली ती फ्रान्समध्ये, लिऑन शहरात, १७६१ साली. काढणारे क्लोद बुर्जेला, घोडेस्वारीची शाळा चालवणारे गृहस्थ. आणि तशी शाळा हवी असं राज्यकर्त्यांना पटलं त्याचं मोठं कारण बुळकांडी. गावंच्या गावं गुरं त्या रोगाने मरत होती. तो रोग जगातून हद्दपार झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. माणसांतली देवी आणि गुरांतली बुळकांडी, असे दोनच रोग आजवर पृथ्वीवरून पुसले गेले आहेत.

मी तेव्हा ठमीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मनात आलं, ही सगळी विद्या उभी राहिली ती घोड्यासाठी आणि गुरांसाठी. ज्यांच्यावर शेत, सैन्य, दूध अवलंबून, त्यांच्यासाठी. ठमीवर कुणाचंच काही अवलंबून नव्हतं. ती ओझं वाहत नव्हती, घराची राखणसुद्धा धड करत नव्हती, पाहुण्याला शेपूट हलवायची. तरीही अडीचशे वर्षांचं ते सगळं शहाणपण एका हातातून तिच्या पोटावर फिरत होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, आजही वाटतं.

पिल्लांचा दिवस मला विशेष आवडतो. शर्टात पिल्लू खुपसून आलेला एक कॉलेजचा मुलगा आठवतो. नुसतं डोकं बाहेर. मामांनी त्याला दारातच सांगितलं, "खाली ठेवू नकोस रे, मांडीवरच घेऊन बस." मुलगा जरा दुखावला, पिल्लू काही घाण करणार नाही म्हणाला. मामांना फरशीची काळजी नव्हती, पिल्लाची होती. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, साध्या साबणाने मरत नाही. १९७८ च्या सुमारास हा रोग कुत्र्यांमध्ये एकदम उपटला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. त्याआधी तो ओळखीचाच नव्हता. रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या की लहान पिल्लू दोन दिवसांत हातातून जातं. म्हणून मामा दिवसातून कितीतरी वेळा ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसतात आणि लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाचा पाय तिला लागू देत नाहीत.

त्या मुलाने विचारलं, "मॅडम, लस एकदाच का देत नाही? तीन-तीन वेळा कशाला?"

असे प्रश्न विचारणारे मॅडमना आवडतात. त्यांनी सांगितलं की आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला तिची प्रतिकारशक्ती मिळते. ती चांगलीच, पण तीच शक्ती लशीलाही शत्रू समजून निकामी करते. ती हळूहळू ओसरते, कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. नेमकी कधी, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस देत राहायचं. आईची छत्री मिटली आणि लशीची अजून उघडली नाही, असा मधला काळ शक्य तितका छोटा करायचा. मुलगा ऐकत होता आणि शर्टातलं पिल्लू त्याचं बटण चावत होतं.

रेबीजच्या लशीबद्दल मात्र मॅडम चर्चा करत नाहीत. तिथे त्यांचा आवाज बदलतो. माणसाला होणारे शंभरातले नव्व्याण्णव रेबीज कुत्र्यामुळे होतात आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचायला सुरुवात केली आणि तो मुलगा जगला. तेव्हापासून उपाय माणसाच्या हातात आहे. असं असूनही दर वर्षी माणसं जातात, त्यांत पोरं फार असतात, हे त्यांना सहन होत नाही. "विसरलो" म्हणणाऱ्या माणसाला त्या दुसरी तारीख देत नाहीत. तिथल्या तिथे टोचतात.

आता मन्याचं सांगते. ते लिहिताना मला अजून त्रास होतो.

मन्या तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या दिवशी सकाळपासून तो सारखा त्याच्या शी-लघवीच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, परत जायचा. मी वहीत लिहिलं: ट्रेमध्ये चार वेळा, शी नाही. मला वाटलं, बद्धकोष्ठ. संध्याकाळपर्यंत तो पलंगाखाली गेला. उलटी झाली. रात्री हात लावला तर गुरगुरला. मन्या माझ्यावर कधी गुरगुरला नव्हता. घरात पॅरासिटामॉल होती. अर्धी गोळी द्यावी का, अशा विचारात मी ती पाकिटातून बाहेरही काढली होती. मग वाटलं, आधी फोन करावा.

मॅडमनी माझं बोलणं निम्म्यात थांबवलं. "माणसाचं कुठलं औषध दिलंत का?"

"नाही. देणार होते."

"देऊ नका. ट्रे ओला आहे का ते बघा."

मी हातात फोन घेऊन ट्रेपाशी गेले. माती उकरली. कोरडी. सगळीकडे कोरडी ठणठणीत.

"आत्ताच्या आत्ता निघा. मी दार उघडते."

त्याला लघवी होत नव्हती. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, बारीक खडे आणि चिकट स्रावाचा एक छोटासा बूच तिला पुरतो. मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि मग माझा हात तिथे नेला. मूत्राशय टणक झालं होतं, लिंबापेक्षा मोठं, ताणलेल्या चेंडूसारखं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जातो. मन्याचे ठोके तोवर मंद पडले होते. सलाईन, हृदयासाठी औषध, हलकी भूल आणि मग कॅथेटर. नळीतून पहिली आली ती लालभडक धार होती. मामा पिशवी धरून उभे होते. ते मला एवढंच म्हणाले, "ताई, आलात ना वेळेवर, बसा जरा."

मी वेळेवर आले नव्हते. सकाळीच यायला हवं होतं. माझ्या वहीत चार वेळा ट्रेमध्ये गेल्याची नोंद होती आणि त्या नोंदीत "शी" हा शब्द मी अंदाजाने घातला होता. जे पाहिलं ते लिहिण्याऐवजी मला जे वाटलं ते लिहिलं होतं. मन्या तीन दिवस मागच्या पिंजऱ्यात होता. चौथ्या दिवशी घरी आला. तेव्हापासून माझ्या नोंदीत अर्थ कमी आणि दिसलेलं जास्त असतं. बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय, हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलं की मी हातातलं काम टाकून त्याला सांगते, ट्रे ओला आहे का बघ आणि नसेल तर आत्ता नीघ.

ती पाकिटातली गोळी मी नंतर मॅडमना विचारली. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारी यंत्रणाच नसल्यासारखी असते. एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. कुत्र्यासाठी मिळणारं गोचिडांचं काही औषधसुद्धा मांजराला तसंच विषारी असतं, ज्यात पर्मेथ्रिन असतं ते. एकाच घरात दोघं असतील तर कुत्र्याला औषध लावून मांजराला त्याच्या कुशीत झोपू देणंही धोक्याचं. आमच्याकडे दोघं एका दुलईवर झोपायची.

ठमीला अकरावं वर्ष लागलं तेव्हा लस द्यायला गेलो असताना मॅडमनी स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्या छातीवर ठेवला. ठोक्यांच्या मध्ये फुसफुस ऐकू येत होती. डाव्या बाजूची झडप जाड झाली होती, रक्त थोडं मागे गळत होतं. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे पुष्कळ आढळतं. त्यांनी मलाही ऐकवलं. आपल्या जीवाच्या हृदयाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि तो बिघडलेला होता.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "रात्री ती गाढ झोपली की श्वास मोजा. छाती वर आणि खाली मिळून एक. पूर्ण मिनिटभर. तीसच्या आत असतील तर तुम्हीही झोपा. वर जायला लागले तर मला कळवा, मग वेळ कुठलीही असो."

जवळजवळ दोन वर्षं मी रोज रात्री ते केलं. दिवा मंद करायचा, घड्याळ हातात घ्यायचं, तिच्यापासून हातभर अंतरावर बसायचं. हात लावायचा नाही, कारण हात लावला की जाग येते आणि आकडा खोटा ठरतो. बरगड्यांवरचे पांढरे केस वर यायचे, खाली जायचे. कधी स्वप्नात पाय हलायचे आणि श्वास भराभर चालायचा, तेव्हा थांबायचं, स्वप्न संपू द्यायचं, परत एकपासून सुरू करायचं. वहीत नुसते आकडे आहेत. १८, २०, १९, २२, १९. त्या वर्षातली माझी सगळ्यात शांत मिनिटं ती होती.

एका रात्री आकडा ३४ आला. अर्ध्या तासाने ४१. आम्ही निघालो. छातीत पाणी साठायला सुरुवात झाली होती. ती अजून चालत होती, शेपूट हलवत होती. मामा म्हणाले, आकडा नसता तर तुम्ही सकाळपर्यंत थांबला असतात. पाणी उतरवायचं इंजेक्शन, रात्रभर प्राणवायू, मग घरी गोळ्या. त्या गोळ्यांवर ठमी आणखी चौदा महिने जगली.

त्या चौदा महिन्यांच्या सुरुवातीलाच मॅडमनी एक काम दिलं होतं. "तिला मनापासून आवडतात अशा तीन गोष्टी आज लिहून ठेवा. नंतर लिहू म्हणाल तर जमणार नाही." मी लिहिल्या. जिन्यावर पावलं वाजली की दाराशी येणं. सकाळी खिडकीतल्या उन्हाच्या चौकोनात झोपणं आणि चौकोन सरकेल तसं सरकणं. मन्याचं डोकं चाटणं. पहिली गोष्ट गेली तेव्हा मी ती खोडली नाही. दुसरी गेली तेव्हाही नाही. उन्हाचा चौकोन पुढे सरकून गेला होता आणि ठमी सावलीत तशीच पडून राहिली होती. त्या संध्याकाळी मन्या तिच्यापाशी जाऊन बसला, डोकं तिच्या तोंडापाशी नेलं. तिने डोळे उघडले आणि मिटले. मी वही काढून फोन केला.

मॅडमनी आधी सगळं सांगितलं, अगदी सावकाश. पहिलं इंजेक्शन फक्त गुंगीचं. दुसरं भुलीच्या औषधाचंच, पण खूप मोठ्या मात्रेत, त्याने हृदय थांबतं. डोळे उघडे राहतील. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल, तो श्वास नसतो. कदाचित लघवी होईल. हे आधी सांगितलं म्हणून मी शेवटपर्यंत तिच्या तोंडासमोर बसू शकले. मामांनी हनुवटीखाली टॉवेलची घडी सरकवली. तिचा पुढचा पाय माझ्या तळहातावर होता, पंजाच्या गाद्या खरखरीत आणि कोमट. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि खूप वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "गेली."

त्यानंतर बाकावर आणखी तिघं थांबली होती. त्यात एक पिल्लू होतं, पहिल्या लशीला आलेलं. मॅडम आतल्या बेसिनपाशी गेल्या, नळ बराच वेळ चालू राहिला. मग त्या बाहेर आल्या आणि पिल्लाला म्हणाल्या, "ये रे राजा." हे त्या रोज कसं करतात मला माहीत नाही. सर्जन तेच, दातांचे डॉक्टर तेच, बाळंतपण तेच करणार, आणि शेवटही त्यांच्याच हातून. माणसांच्या डॉक्टरांना यातलं एकेक वाटून घेता येतं. एक विनंती मला इथे करावीशी वाटते. खर्च झेपणार नसेल तर ते सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगा. डॉक्टर दुसरी वाट काढतात, मी पाहिलं आहे. बिलाच्या वेळी "तुम्हाला प्राण्यांपेक्षा पैसा मोठा" असं ऐकवणारे लोकही मी तिथे पाहिले आहेत, आणि ते ऐकल्यावर मॅडमचा चेहरा कसा होतो तेही.

मन्या आता चौदा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याला तपासायला नेलं तेव्हा तो आजारी नव्हता. खात होता, खिडकीवर चढत होता. मी फक्त वही पुढे केली. अडथळ्याच्या त्या प्रसंगापासून मी त्याची भांडी मापाच्या पेल्याने भरते आणि रात्री उरलेलं मोजते. वर्षानुवर्षं दीडशे मिलीच्या आसपास असलेला आकडा दोन महिन्यांत दोनशेवर, मग अडीचशेवर गेला होता.

मॅडमनी पानं उलटून बघितली. रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, जेमतेम वरच्या हद्दीशी होतं, पण लघवी पाण्यासारखी पातळ. मूत्रपिंडं लघवी दाट करेनाशी झाली की शरीरातलं पाणी वाहून जातं आणि मांजर ते भरून काढायला पीत राहतं. क्रिएटिनीन नीट वाढून दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं जवळपास पाऊण काम बंद पडलेलं असतं. पाणी त्याच्या आधी बोलतं. बरं होणारं हे दुखणं नाही. पण आहार बदलता येतो, रक्तदाब सांभाळता येतो, वेळ वाढवता येतो.

या महिन्यापासून त्याला दिवसाआड सलाईन द्यावं लागतं, कातडीखाली. मामांनी शिकवलं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तिचा छोटासा तंबू होतो, त्या तंबूच्या दारातून सुई आत सरकवायची. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची, गार पाणी टोचलं तर तो उठून जातो. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला आणि सुई तंबूच्या पलीकडच्या बाजूने बाहेर आली, सगळं त्याच्या पाठीवर. मामा म्हणाले, "असू दे ताई, पाणीच आहे. पुन्हा धरा."

आता जमतं. तो ठमीच्या जुन्या दुलईवर बसतो, खिडकीबाहेर बघत. थेंब पडत राहतात, खांद्यांमध्ये एक मऊ उंचवटा तयार होतो. रात्रीपर्यंत तो घसरत पुढच्या पायाशी येतो आणि सकाळपर्यंत अंगात जिरतो. सुई काढल्यावर मी त्या जागेवर बोट दाबून धरते, मिनिटभर. मग भांडं उचलते, उरलेलं पेल्यात ओतून उजेडाकडे धरते आणि लिहिते. वजन ३ किलो ६००. सलाईन १०० मिली. ट्रे ओला, तीन वेळा. खिडकीवर स्वतः चढला. पाणी २१०.